पाटीवरची मिशी

१

मिशी चोरीला गेल्याची बातमी रेघोटीला सकाळी चहा गाळताना कळली. फोनवर बेकरीकाका होते, आणि ते ओरडत नव्हते. काका ओरडत असले की समजायचं, सगळं आलबेल आहे. ते हळू बोलायला लागले की अख्खी गल्ली कान टवकारते.

"पोरी, माझं तोंड तू कुणाला विकलंस?"

"काय म्हणताय काका? मला कळेल असं बोला."

"नदीपलीकडे कुणाची तरी नवी बेकरी निघतेय. तिच्या पाटीवर मी आहे. टोपीसकट, मिशीसकट. पुतण्याने फोटो काढलाय, तुला पाठवायला सांगतो. तो बघ आणि इकडे ये."

फोन ठेवला गेला. चहा पातेल्यातच राहिला. फोटो आला तो संध्याकाळच्या मावळत्या उजेडात, रस्त्याच्या पलीकडून, हलत्या हाताने काढलेला होता. रंगबिंग काही धड कळत नव्हते, पण चित्र कळत होतं. गोल चकती, तिच्यात उंच टोपी घातलेला चेहरा, आणि नाकाखाली दोन पाव शेजारी शेजारी ठेवावेत तशी ती मिशी. रेघोटीने काकांच्या दुकानासाठी स्वतःच्या हाताने काढलेली. खाली नुसतं 'बेकरी' लिहिलेलं, मालकाचं नाव नाही.

आता ही रेघोटी कोण, ते सांगायला हवं. घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि खिडकीत वाळत घातलेले कपडे, एवढं तिचं ऑफिस. छोट्या दुकानांची बोधचिन्हं, वेबसाइटी, कार्डं, पिशव्या, पत्रकं, जे मिळेल ते ती करायची. सायकलवाला, चष्मेवाला, शिवणाच्या क्लासवाल्या बाई, दातांचे डॉक्टर, ही सगळी तिची गिऱ्हाइकं काकांच्या शब्दावर आलेली. पाव घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला काका सांगायचे, "तुमची पाटी भयाण आहे. आमच्या रेघोटीकडे जा."

हे नावही त्यांनीच ठेवलेलं. लहानपणी आई कामाला गेली की ती बेकरीत पिठाच्या पोत्यावर बसून कागदी पिशव्यांवर रेघोट्या ओढत असायची. शेजारच्या पोत्यावर काकांचा मुलगा. तो कायम पिठात माखलेला, म्हणून त्याचं नाव पिठ्या. भट्टीचं दार उघडलं की काकांची तांबूस मिशी उजळायची, तिच्यावर पिठाची भुकटी, आणि ते त्या दोघांना पहिल्या घाण्यातला गरम पाव मोडून द्यायचे. हात भाजायचे, पण पाव सोडवत नसे. तो वास आठवला की आजही तिला आपण कुणाचे तरी लाडके आहोत असं वाटायचं.

त्याच माणसाने आज तिला चोर म्हटलं होतं.

२

काका गल्ल्यामागे स्टुलावर बसले होते. वय झालं तरी पाठ ताठ. टोपी पांढरी, मिशी पांढरी, कपाळ लाल. मागच्या भिंतीवर त्यांच्या तरुणपणीचा एक काळा-पांढरा फोटो लटकत होता, आणि त्या फोटोतला माणूसही तितकाच रागावलेला दिसत होता.

"हे चित्र अजून कुणीच पाहिलेलं नाही," काका म्हणाले. "दुकानाच्या वाढदिवसाला पाटी लागणार, वेबसाइट सुरू होणार, असं ठरलेलं. बरोबर?"

"बरोबर."

"मग ते नदीपलीकडे कसं गेलं? चालत गेलं?"

"मला माहीत नाही काका. पण मी नाही दिलं."

पुतण्या मध्येच म्हणाला, "काका, मी वकिलाचं पत्र तयार करून घेतलंय. आपण सही केली की संपलं. पाटी उतरवायला लावू, माफी मागायला लावू." हा पुतण्या अलीकडेच दुकानात यायला लागला होता. चुणचुणीत पोरगा, पण प्रत्येक वाक्यात 'ब्रँड' हा शब्द घातल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

काकू मागच्या बाजूला ट्रे पुसत होत्या. एरवी रेघोटी दिसली की त्या आधी काहीतरी खायला देत आणि मग बोलत. आज त्यांनी वर पाहिलं नाही. तोच ट्रे त्या पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या.

"संध्याकाळपर्यंत थांबतो," काका म्हणाले. "तोपर्यंत मला सांग, हे कुणी केलं. नाहीतर त्या पत्रावर सही करतो. आणि आपला संबंध संपला असं समज. या गल्लीत कुणी मला तुझ्याबद्दल विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

रेघोटीला रडू येत होतं. ते तिने गिळलं. राग आला की तिचं डोकं जरा बरं चालायचं, म्हणून तिने रडण्याऐवजी रागवायचं ठरवलं. "संध्याकाळी येते," एवढंच ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली. मागे ट्रे खाली पडल्याचा आवाज आला. काकूंच्या हातून आजवर कधी ट्रे पडला नव्हता.

३

चित्र पाहिलेली माणसं मोजकीच. ती स्वतः, काका, काकू, पुतण्या आणि छापखान्यातले शाईमामा.

शाईमामांचं नाव त्यांच्या बोटांवरून पडलेलं. त्यांची नखं कुणीही कधी स्वच्छ पाहिली नव्हती. छापखान्यात जुनं यंत्र खडखडत होतं आणि मामा त्याच्याशी भांडत होते. रेघोटीने सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी यंत्र बंद केलं.

"म्हणजे तुला वाटतं, मी फाइल विकली?"

"मामा, मी सगळ्यांनाच विचारतेय. तुमच्याकडून काय काय बाहेर गेलं?"

"कार्डाचे नमुने, पांढऱ्या जाड कागदावर. ते तूच घेऊन गेलीस. आणि पिशव्यांची एक लहानशी थप्पी, खाकी कागदाची. ती काकांनी परत पाठवली. म्हणाले, यात माझं तोंड धुतल्यासारखं दिसत नाही. स्वतःचं तोंड कधी आरशात बघतो का हा माणूस?"

"मग त्या पिशव्या इथेच आहेत?"

"कुठल्या? परत आलेली थप्पी त्याच दुपारी काकू येऊन घेऊन गेल्या. वाया कशाला घालवायच्या, म्हणाल्या. बाईमाणसाचा हात, कागदाचा तुकडा टाकवत नाही." मामांनी हात पुसले, म्हणजे शाई या हातावरून त्या हातावर नेली. "आणि हे बघ, मला फाइल विकायची असती तर मी नीट विकली असती. अशी भर रस्त्यात टांगायला दिली नसती."

हे मात्र तिला पटलं. शाईमामा लबाडी करण्याइतके टापटीप नव्हते.

पुतण्याला तिने दुकानाबाहेर गाठलं. "तू नदीपलीकडे काय करत होतास?" तिने सरळ विचारलं. पुतण्याचा चेहरा उतरला.

"ताई, काकांना सांगू नका."

"काय सांगू नको?"

"मी जागा बघत होतो. आपली दुसरी शाखा काढायची म्हणून. काकांना वाढदिवसाला एकदम सांगणार होतो. तिकडे फिरताना ती पाटी दिसली आणि मी तिथूनच फोटो काढला."

"तुझ्याकडे चित्राची फाइल आहे."

"आहे ना. वेबसाइटसाठी तुम्हीच दिलीत. ही बघा, मोबाइलच्या पडद्यावर तर रोज बघतो मी." त्याने फोन पुढे केला. वीटकरी गोलात पांढरीशुभ्र टोपी, पांढरीशुभ्र मिशी. अगदी स्वच्छ. "मी कशाला दुसऱ्याला देईन? मला तर इथेच मोठं व्हायचंय."

तो खरं बोलतोय की नाटक करतोय, हे तिला ठरवता येईना. त्याच्याकडे फाइल होती, कारण होतं, आणि तो त्या रस्त्यावर गेलाही होता. डिटेक्टिव्ह असती तर तिने त्याची कॉलर धरली असती. पण ती डिझायनर होती, आणि डिझायनरला आधी वस्तू डोळ्यांनी बघावी लागते. ती पूल ओलांडून निघाली.

४

पलीकडचा रस्ता रुंद आणि नवा होता. झाडं अजून काठीला बांधलेली. बेकरीचं शटर अर्धं वर होतं, आत कुणीतरी ठोकाठोक करत होतं. बाहेर रंगाचे डबे आणि एक शिडी. शिडीवरच्या रंगाऱ्याला तिने मालक कोण म्हणून विचारलं.

"आम्हाला कंत्राटदाराने पाठवलंय बाई. मालक पहाटे येतात आणि भट्टीत डोकं घालून बसतात. बोलत नाहीत फार. पाटी मात्र स्वतः उभं राहून करून घेतली. टोपीपाशी तर माझं डोकं खाल्लं."

"टोपीपाशी का?"

"मी नमुन्यात होती तशी रंगवली होती. ते म्हणाले, बेकरीवाल्याची टोपी कधी मळकी असते का, पांढरी कर. केली पांढरी."

"आणि मिशी?"

"मिशीबद्दल म्हणाले, आहे तशीच राहू दे. बरोबर आहे."

रेघोटी दोन पावलं मागे सरकली आणि तिने दुपारच्या लख्ख उजेडात पहिल्यांदाच पाटीकडे नीट पाहिलं. वीटकरी गोल तिचाच. चेहऱ्याची रेघ तिचीच, हनुवटीजवळचा बाकसुद्धा तिचाच. टोपी पांढरी.

मिशी पांढरी नव्हती. मिशी तांबूस होती.

ती तिथेच कडेच्या कट्ट्यावर बसली. रंगाऱ्याने पाणी हवं का म्हणून विचारलं. तिने मान हलवली. तिला आता पाटी दिसतच नव्हती, भट्टीचं उघडं दार दिसत होतं आणि शेजारच्या पोत्यावर बसलेला, पिठाने पांढराफटक झालेला एक पोरगा. कोण ते तिला कळलं होतं. पण नुसतं कळून भागत नाही, काकांसमोर ते उभं करता यायला हवं. म्हणून तिने पहिल्यापासून सगळं मनात पुन्हा मांडायला घेतलं.

५

काकू मागच्या अंगणात ओट्यावर बसल्या होत्या. रेघोटी त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"काकू, माझं म्हणणं ऐकून घ्या, आणि चुकलं तर सांगा. ज्याच्याकडे फाइल आहे त्याला मिशी पांढरीच दिसते. कार्ड पाहिलं तरी पांढरीच. म्हणजे पाटी करणाऱ्याने फाइलही पाहिली नाही आणि कार्डही नाही. त्यामुळे पुतण्या सुटला आणि मामाही सुटले."

काकूंनी ओट्यावरचा पाचोळा बोटांनी बाजूला केला.

"आमच्या छपाईत पांढरी शाई वापरत नाहीत. जिथे पांढरं हवं तिथे कागद कोरा सोडतात. कागद पांढरा असला तर मिशी पांढरी. कागद खाकी असला तर मिशीही तशीच तांबूस-खाकी आणि टोपीही. म्हणूनच काका म्हणाले ना, तोंड धुतल्यासारखं दिसत नाही. पाटी त्या पिशवीवरून केलीय काकू. आणि पिशव्या तुम्ही घेऊन गेलात."

"उंदरांनी खाल्ल्या त्या," काकू म्हणाल्या.

"काकू."

त्यांनी पदर तोंडाशी धरला. रेघोटीने आवाज खाली आणला.

"पिशवी कुणाच्याही हाती लागू शकते. पण या माणसाने टोपी दुरुस्त केली. मिशी केली नाही. मिशी त्याला बरोबरच वाटली. गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक आहे की काकांची मिशी पांढरी आहे. ती तांबूस होती हे कुणाला ठाऊक असणार? दुकानातला फोटो तर काळा-पांढरा. म्हणजे ज्याने ती डोळ्यांनी पाहिलीय, आणि नंतर काकांना कधी पाहिलेलंच नाही, असा माणूस. काकू, पिठ्या परत आलाय ना?"

काकू रडायला लागल्या. मोठ्याने नाही, वर्षानुवर्षं सवय झालेल्या माणसासारख्या.

पिठ्याचं जाणं रेघोटीला आठवत होतं. त्याला पीठ मळायचं यंत्र आणायचं होतं. काका म्हणाले, माझे हात अजून शाबूत आहेत. शब्दाला शब्द लागला आणि शेवटी काका म्हणाले, पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस. पोरगाही बापाचाच. तो खरंच आला नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात काकांची मिशी पांढरी झाली, आणि दुकानात त्याचं नाव कुणी घेईनासं झालं.

"मी त्याला पाव पाठवते," काकू म्हणाल्या. "दर आठवड्याला. आधी परगावी होता तेव्हा बसने, आता इकडे आलाय तर दूधवाल्याबरोबर. यांना न सांगता. मागच्या आठवड्यात हाताशी ती पिशवी होती, तिच्यातच घातला. माझ्या डोक्यात काहीसुद्धा नव्हतं गं. पण त्याचा फोन आला. आवाज कसा झाला होता त्याचा. म्हणाला, आई, बाबांनी स्वतःचं चित्र पाठवलं? म्हणजे मी लावू ना पाटीवर?"

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी हो म्हणाले."

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"इतक्या वर्षांनी तो असं आनंदाने बोलला. नाही कसं म्हणू? नेहमी एवढंच विचारतो, बाबा कसे आहेत. मी सांगते, आहेत तसेच आहेत." त्यांनी रेघोटीचा हात धरला. "आता ते वकिलाचं पत्र गेलं तर त्याला कळेल की बाबांनी काही पाठवलंच नव्हतं. पुन्हा निघून जाईल तो. बाळ, यांना सांगू नकोस. माझ्यासाठी एवढं कर."

रेघोटी त्या हाताकडे बघत राहिली. सांगितलं तर काकू घरात खोट्या पडणार आणि पिठ्या जाणार. नाही सांगितलं तर ती स्वतः चोर ठरणार, तेही ज्या माणसाने तिला नाव दिलं त्याच्यापुढे. बरं, दुसरी गिऱ्हाइकं शोधता येतात. दुसरे काका कुठून आणणार?

"मी तोंडातून शब्द काढणार नाही," ती म्हणाली. आणि हे बोलताना तिला वाटलं, आपण अगदीच गाढव आहोत.

६

संध्याकाळी काका कोट घालून बसले होते. समोर वकिलाचं पत्र, हातात पेन.

"बोल."

"मला कळलंय काका. पण मी सांगणार नाही."

पुतण्याने सुस्कारा सोडला. काकांनी पेनाचं टोपण काढलं.

"तुम्ही ती पाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली नाही," रेघोटी घाईघाईने म्हणाली. "अंधारातला फोटो पाहिलात फक्त. सही करायच्या आधी एकदा चला. तिथे उभं राहूनही तुम्हाला मीच चोर वाटले तर तिथेच सही करा, मी पाठ पुढे करते कागद ठेवायला."

काकांनी पत्र पुतण्याकडे दिलं. मग चष्मा खिशात टाकला आणि उठले. पुलावरून ते पुढे, मागे रेघोटी, तिच्यामागे पुतण्या पत्र सांभाळत. पुलाच्या मध्यावर रेघोटीने वळून पाहिलं तर पाठीमागून काकूही येत होत्या. पायात स्वयंपाकघरातल्या सपाता तशाच होत्या.

उतरतं ऊन थेट पाटीवर पडलं होतं. रस्त्याच्या अलीकडेच थांबून काकांनी चष्मा लावला. आतून पावाचा वास येत होता, पहिल्या घाण्याचा असावा. काकांच्या नाकपुड्या हलल्या.

"भट्टी जरा जास्त तापलीय," ते सवयीने म्हणाले. मग वर पाहिलं.

"टोपी ठीक आहे. चेहरा ठीक आहे." ते थांबले. "मिशी चुकलीय. अशी कुठे आहे माझी मिशी? ही तर..."

त्यांचा हात हळूहळू वर गेला आणि स्वतःच्या मिशीवर थांबला. पुतण्या काहीतरी बोलणार होता, रेघोटीने त्याचा पाय दाबला.

"अशी होती," काका म्हणाले. "तो गेला तेव्हा अशी होती."

आत ठोकाठोक चालूच होती. काका काकूंकडे वळले. त्यांचा आवाज इतका हळू होता की रेघोटीला धडकी भरली.

"दर आठवड्याला त्याला पाव पाठवतेस. एवढं सांगता आलं नाही तुला, की बाप म्हातारा झाला?"

"तुम्हाला माहीत होतं?" काकूंनी कसंबसं विचारलं.

"माझ्या भट्टीतला पाव आहे तो. कुणासाठी जातो ते मला कळणार नाही?" त्यांनी पुतण्याच्या हातातलं पत्र घेतलं, फाडलं आणि तुकडे नीट घडी करून कोटाच्या खिशात ठेवले. मग रेघोटीच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचे तसा. "पोरी, सकाळी बोललो ते चुकलो. तू ते ऐकून घेतलंस, हे मी विसरणार नाही."

डोळे पुसायला रेघोटीला रुमालही सापडेना.

काकांनी चष्मा काढून पुतण्याकडे दिला. टोपी सरळ केली. मग रस्ता ओलांडायला निघाले, इकडे तिकडे न बघता, ताठ पाठीने.

"अहो, कुठे निघालात?" काकूंनी मागून विचारलं.

"मिशी दाखवायला," काका म्हणाले, आणि अर्ध्या शटरखालून वाकून आत गेले.